लीन पद्धतीने नवे उत्पादन : दुरून शिकायचे कसे?

१९९४च्या सुरुवातीला टोयोटाने ताकेशी उचियामादा या अभियंत्याकडे एका नव्या गाडीची जबाबदारी सोपवली. एकविसाव्या शतकाला साजेशी, कमी इंधनात धावणारी गाडी हवी, एवढेच तेव्हा ठरले होते. उचियामादांनी त्याआधी एकाही गाडीचे प्रमुख अभियंता म्हणून काम केले नव्हते. टोयोटात प्रमुख अभियंत्याला गाडीच्या प्रत्येक अंगाची जाण असावी अशी अपेक्षा असते. तेवढी जाण आपल्यापाशी नाही हे ओळखून त्यांनी निरनिराळ्या विभागांतल्या जाणकारांना एका मोठ्या खोलीत एकत्र आणले. भिंतींवर आराखडे, वेळापत्रके, चाचण्यांचे आलेख आणि अडलेले प्रश्न लावले. निर्णय अडला की संबंधित माणसे त्या भिंतीसमोर उभी राहून तो मार्गी लावत. टोयोटात या खोलीला ‘ओबेया’ म्हणतात.

१९९५च्या अखेरीस पहिली चाचणी गाडी उभी राहिली, पण ४९ दिवस ती जागची हललीच नाही. तरीही डिसेंबर १९९७मध्ये ही गाडी जपानच्या बाजारात आली. तीच प्रियस, मोठ्या संख्येने बनवलेली जगातली पहिली हायब्रिड प्रवासी गाडी.

पुढे ओबेया ही लीन उत्पादन विकासाची ओळख ठरली. औषधांपासून सॉफ्टवेअरपर्यंत अनेक उद्योगांनी ती उचलली. आज मात्र ही पद्धत शिकणारा अभियंता बहुधा लॅपटॉपसमोर बसलेला असतो आणि त्याचा प्रशिक्षक दुसऱ्या शहरात किंवा दुसऱ्या देशात असतो. २०२०च्या साथीने प्रवास थांबवला तेव्हा नाइलाजाने सुरू झालेली ही रीत नंतरही टिकली. माणसे, कागद आणि वस्तू एका खोलीत आणून जी पद्धत घडली, ती पडद्यावरून शिकता येते का? येते, असे माझे ठाम मत आहे. मात्र त्यासाठी मुळात काय शिकायचे आहे, हे आधी नीट समजून घ्यायला हवे.

खर्च कुठे ठरतो

कारखान्यातले लीन आता आपल्या उद्योजकांना नवे नाही. ताइइची ओहनो यांनी टोयोटात घडवलेली उत्पादनपद्धती, तिला १९८८मध्ये जॉन क्रॅफसिक यांनी दिलेले ‘लीन’ हे नाव, आणि १९९०मध्ये वोमॅक, जोन्स व रूस यांच्या पुस्तकाने जगभर पोहोचवलेला तिचा अभ्यास, हा इतिहास प्रशिक्षणवर्गांतून सांगितला जातो. फाइव्ह एस, कानबान, कायझेन हे शब्द पिंपरी-चिंचवडच्या शॉप फ्लोअरवर रोजच्या वापरातले आहेत.

पण वस्तूचा बराचसा खर्च, तिची गुणवत्ता आणि तिच्यातले दोष कारखान्यात पोहोचण्याआधीच ठरून गेलेले असतात. भिंतीची जाडी, स्क्रूंची संख्या, धातूचा दर्जा, कोणता भाग विकत घ्यायचा आणि कोणता घरी बनवायचा, हे सगळे ड्रॉइंगवर ठरते. ड्रॉइंगवरची रेघ बदलायला काही मिनिटे पुरतात. तोच बदल डाय तयार झाल्यावर करायचा तर पोलाद कापावे लागते, ट्रायल पुन्हा घ्यावी लागते आणि ग्राहकाची तारीख हुकते.

डिझाइन विभागातली नासाडी डोळ्यांना दिसत नाही, ही खरी अडचण आहे. कारखान्यात अर्धवट मालाचा ढीग साचला की येणारा-जाणारा त्याला अडखळतो. डिझाइनमध्ये साचलेले काम संगणकाच्या फोल्डरमध्ये गुपचूप पडून असते. मंजुरीची वाट पाहणारे ड्रॉइंग, व्हेंडरच्या उत्तरासाठी थांबलेला नमुना, तीन वर्षांपूर्वी सुटलेला पण कुणीच लिहून न ठेवल्यामुळे पुन्हा सोडवावा लागणारा प्रश्न, हे सगळे त्याच ढिगात येते.

त्यात प्रत्येक माणूस सतत कामात गुंतलेला असला म्हणजे काम वेगाने होते, असा समज पक्का बसलेला असतो. रांगांचे गणित याच्या उलट सांगते. चाचणी विभागाला एका चाचणीसाठी सरासरी एक दिवस लागतो आणि कामे अनियमितपणे येतात, असे धरू. रांगेच्या सर्वांत साध्या सूत्रानुसार विभाग ८० टक्के व्यग्र असेल तर काम आत आल्यापासून पूर्ण होऊन बाहेर पडेपर्यंत सरासरी ५ दिवस जातात. व्यग्रता ९० टक्क्यांवर गेली की १० दिवस आणि ९५ टक्क्यांवर गेली की २० दिवस. माणसे तीच, चाचणी तीच, फक्त श्वास घ्यायला जागा उरलेली नाही. एका अभियंत्यावर पाच प्रकल्प टाकणाऱ्या प्रत्येक व्यवस्थापकाने हे आकडे समोर ठेवायला हवेत.

आधी ज्ञान, मग ड्रॉइंग

टोयोटाच्या विकासपद्धतीचा बारकाईने अभ्यास करणाऱ्यांत मिशिगन विद्यापीठातले अॅलन वॉर्ड हे महत्त्वाचे नाव. त्यांनी आणि जेफ्री लायकर, ड्युरवर्ड सोबेक, जॉन क्रिस्टियानो या सहकाऱ्यांनी १९९५मध्ये एक कोड्यात टाकणारे निरीक्षण मांडले. टोयोटा महत्त्वाचे निर्णय मुद्दाम लांबवते, एकाच भागाचे अनेक पर्याय बराच काळ जिवंत ठेवते, नमुनेही भरपूर बनवते, आणि तरीही नवी गाडी इतरांपेक्षा लवकर बाजारात आणते. वॉर्ड यांचे २००४मध्ये निधन झाले. त्यांचे या विषयावरचे पुस्तक २००७मध्ये, त्यांच्या पश्चात प्रकाशित झाले.

या कोड्याचे उत्तर साधे आहे. बहुतेक कंपन्या एक कल्पना लवकर निवडतात, तिचे ड्रॉइंग करतात आणि मग चाचणीत ती नापास झाली की दुरुस्तीमागून दुरुस्ती करत बसतात. टोयोटाचा क्रम वेगळा आहे. आधी चाचणी घेऊन मर्यादा समजून घ्यायच्या, त्या मर्यादांत न बसणारे पर्याय एकेक करून बाद करायचे आणि उरलेल्यातून निवड करायची. निर्णय उशिरा होतो, पण झाला की फिरवावा लागत नाही.

राइट बंधूंनीही हेच केले होते. १९०० आणि १९०१मधल्या त्यांच्या ग्लायडरना अपेक्षेइतकी उचल मिळाली नाही. तिसरे ग्लायडर घाईने बांधण्याऐवजी त्यांनी डेटनमधल्या आपल्या सायकलच्या दुकानात वाऱ्याचा एक बोगदा तयार केला आणि पंखांचे सुमारे २०० लहान नमुने त्यात तपासले. कोणत्या आकाराला किती उचल मिळते याचे तक्ते हाती आल्यावरच त्यांनी १९०२चे ग्लायडर बांधले. १७ डिसेंबर १९०३ला इंजिन लावलेले त्यांचे विमान उडाले ते याच ज्ञानावर.

अशा ज्ञानाची मांडणी लीनमध्ये आलेखाने करतात. सायलेन्सरचे उदाहरण घ्या. धूर बाहेर पडायला मोकळी वाट दिली तर इंजिनाची ताकद टिकते, पण आवाज वाढतो. वाट अडवली तर आवाज कमी होतो, पण ताकद घटते. अनेक सायलेन्सर तपासून एका अक्षावर अडथळा आणि दुसऱ्यावर आवाज मांडला, की काय शक्य आहे आणि काय नाही, हे एका रेषेत दिसते. हा आलेख एका गाडीपुरता राहत नाही. पुढच्या मॉडेलच्या पहिल्याच बैठकीत तो टेबलावर येतो आणि काही आठवड्यांचा वाद मिटवतो. म्हणून लीन विकासात प्रत्येक प्रकल्पाकडून दोन गोष्टी अपेक्षित असतात : विकता येईल अशी वस्तू आणि पुन्हा वापरता येईल असे ज्ञान.

पाच प्रश्नांची तालीम

वर सांगितले ते सारे दोन तासांच्या व्याख्यानात समजते. दुसऱ्या दिवशी कामावर गेल्यावर मात्र हात जुन्याच सवयीने चालतात. साहेबांनी विचारले की लगेच उत्तर द्यायचे, अंदाजालाच निष्कर्ष समजायचे, एकच पर्याय घेऊन पुढे पळायचे. लीनमध्ये शिकायची असते ती विचार करण्याची सवय, आणि सवय व्याख्यानाने बदलत नाही.

हे अमेरिकेला दुसऱ्या महायुद्धातच उमगले होते. कारखान्यांत अननुभवी माणसे मोठ्या संख्येने भरती झाली, तेव्हा १९४० ते १९४५ या काळात तिथे पर्यवेक्षकांना शिकवण्याची एक सरकारी मोहीम चालली. कामगाराची तयारी करा, काम दाखवा, त्याच्याकडून करून घ्या आणि पाठपुरावा ठेवा, अशी तिची चार पावले होती. शिकणाऱ्याला आले नाही तर शिकवणे झालेच नाही, असे त्यात बजावलेले असे. युद्धानंतर ही पद्धत जपानमध्ये गेली आणि टोयोटाने ती आपलीशी केली.

माइक रॉदर यांनी २००९मध्ये आलेल्या ‘टोयोटा काटा’ या पुस्तकात प्रशिक्षकाच्या कामाला एक नेमका साचा दिला. प्रशिक्षक रोज साधारण १५ ते २० मिनिटे शिकणाऱ्याबरोबर बसतो आणि ठरलेले पाच प्रश्न विचारतो. गाठायची स्थिती कोणती? आज प्रत्यक्षात स्थिती काय आहे? वाटेत कोणते अडथळे आहेत आणि त्यांतला कोणता एक तुम्ही हाताळत आहात? पुढचे पाऊल कोणते आणि त्यातून काय होईल असे वाटते? त्या पावलातून काय शिकलो, हे आपण किती लवकर जाऊन पाहू शकतो? मधेच आधीच्या पावलाचा आढावा असतो : काय करायचे ठरले होते, काय अपेक्षित होते, प्रत्यक्षात काय घडले, त्यातून काय कळले.

प्रशिक्षक उत्तर देत नाही. कोल्हापूरच्या तालमीत वस्ताद हौद्याच्या कडेला उभा राहून पोराचा पाय कुठे पडतो ते पाहतो, चुकला की हटकतो, पण त्याची कुस्ती स्वतः लढत नाही. इथेही तसेच आहे. ही भूमिका दुरूनही निभावता येते, कारण तिला लागतात ते कान, डोळे आणि नेमका प्रश्न.

भोसरीतला एक दिवा

एक प्रसंग कल्पून पाहू. भोसरीतला एक लघुउद्योग रस्त्यावरचे एलईडी दिवे बनवतो. दिव्याचे झाकण सध्या सहा स्क्रूंनी बसते, ते चारांवर आणायचे आहेत. दिव्याला आयपी ६५ हा दर्जा हवा. म्हणजे धूळ आत जाता कामा नये, आणि ६.३ मिलिमीटरच्या नोझलमधून मिनिटाला १२.५ लिटर पाणी अडीच ते तीन मीटरवरून निदान तीन मिनिटे मारले तरी ते आतल्या भागांना बाधता कामा नये. डिझाइन करणाऱ्या अभियंता बाई आणि नाशिकमधला प्रशिक्षक सकाळी साडेनऊला व्हिडिओवर भेटतात. दोघांसमोर एकच पान उघडे आहे.

“आज प्रत्यक्षात स्थिती काय आहे?”

“सर, चार स्क्रूंचे दोन नमुने काल तपासले. दोन्हींत पाणी आत आलं. गॅस्केट मऊ पडतंय, कडक रबर मागवायचं म्हणतेय.”

“पाणी कुठून आलं ते तुम्ही स्वतः पाहिलंत का?”

“नाही सर, टेस्टिंगवाल्यांनी सांगितलं, कोपऱ्यातून येतंय.”

“मग आधी पाहू या. फोन घेऊन तिकडेच जाता का? झाकण माझ्यासमोर उघडा.”

बाई फोन घेऊन चाचणीच्या जागी जातात आणि झाकण उघडतात. गॅस्केटवर पाण्याचा ओघळ दिसतो, तो कोपऱ्यात नाही, दोन स्क्रूंच्या मधोमध आहे. कोपऱ्यांत गॅस्केट नीट दबलेले आहे. मध्ये त्याच्यावर दाबाची खूणही नाही.

“काय दिसतंय?”

बाई थोडा वेळ निरखत राहतात. “सर, गॅस्केटचा प्रश्नच नाहीये. स्क्रू लांब लांब गेले, त्यामुळे झाकण मध्ये वाकतंय.”

“मग पुढचं पाऊल?”

“झाकणाच्या कडेला रिब वाढवून बघते. एकच उंची नको, तीन वेगवेगळ्या उंचींची झाकणं थ्रीडी प्रिंट करून घेते आणि मधली फट फीलर गेजने मोजते.”

“काय होईल असं वाटतं? आधी लिहून ठेवा.”

बाई आपला अंदाज पानावर लिहितात : रिबची उंची वाढेल तशी फट झपाट्याने कमी होईल. पट्टीची उंची दुप्पट केली तर वाकण्याला तिचा विरोध आठपट होतो, हे त्यांना कॉलेजातल्या पुस्तकातून आठवलेले असते. निकाल कधी पाहायचा, तेही ठरते : परवा सकाळी, याच वेळी.

या वीस मिनिटांत तीन गोष्टी घडल्या. चुकीचे रबर मागवण्याचा खर्च आणि वेळ वाचला. एका पर्यायाऐवजी तीन पर्याय एकदम तपासायचे ठरले. आणि रिबची उंची व फट यांचा आलेख तयार होण्याची सोय झाली, जो या कंपनीच्या पुढच्या प्रत्येक दिव्याला उपयोगी पडेल. दुसरे झाकण प्लास्टिकचे असो की ॲल्युमिनियमचे, प्रश्न कसा विचारायचा हे आता बाईंना ठाऊक आहे. प्रशिक्षकाने मात्र रिबचा ‘र’ही उच्चारला नाही.

अंतरामुळे काय साधते, काय निसटते

दुरून शिकण्याचा पहिला लाभ वारंवारितेचा आहे. पूर्वी बाहेरचा तज्ज्ञ वर्षातून एकदा दोन दिवसांसाठी यायचा, हॉटेलच्या सभागृहात कार्यशाळा व्हायची, प्रमाणपत्रे वाटली जायची आणि सोमवारपासून सगळे पूर्ववत. रोजची किंवा आठवड्यातून तीनदा होणारी वीस मिनिटांची भेट प्रवास करून परवडली नसती. पडद्यामुळे ती परवडते, आणि सवय लागते ती अशा लहान, नियमित सरावानेच.

दुसरा लाभ लिहिण्याचा. समोरासमोर बसलेली माणसे हातवारे करून वेळ मारून नेतात. दुरून बोलताना विचार कागदावर उतरवावाच लागतो. टोयोटात ४२० बाय २९७ मिलिमीटरच्या ए-थ्री कागदाच्या एका बाजूवर प्रश्नाची पार्श्वभूमी, सद्यस्थिती, कारणे, उपाय आणि पाठपुरावा मांडायची रीत आहे. तेच पान दोघांच्या पडद्यावर उघडे ठेवले की चर्चा भरकटत नाही. एकाच पानात मावायचे म्हटल्यावर धूसर वाक्ये आपोआप गळतात.

तिसरा लाभ प्रशिक्षकाच्या संयमाचा. जवळ उभा असलेला अनुभवी माणूस न राहवून पाना हातात घेतो. दूर असलेल्याला तो घेताच येत नाही. त्याला विचारावे लागते आणि शिकणाऱ्याला करावे लागते. शिवाय एखादा वरिष्ठ प्रशिक्षक त्या बैठकीत मूकपणे सामील होऊन नंतर प्रशिक्षकालाही त्याचे प्रश्न कसे होते ते सांगू शकतो. काटाच्या रचनेत या दुसऱ्या प्रशिक्षकाला मानाचे स्थान आहे.

निसटते तेही थोडे नाही. प्रत्यक्ष जागेवर जाऊन वस्तू डोळ्यांनी पाहणे हा टोयोटाचा पाया आहे, आणि कॅमेरा दाखवतो ते धरणाऱ्याने निवडलेले. यंत्राचा बदललेला आवाज, जळक्या तेलाचा वास, नमुना हातात घेतल्यावर जाणवणारी धार हे पडद्यापर्यंत येत नाही. त्यामुळे पाहण्याची जबाबदारी पूर्णपणे शिकणाऱ्याची होते. प्रशिक्षकाने ‘काय वाटते’ऐवजी ‘काय पाहिलेत, किती मोजलेत’ असेच विचारायला हवे. आधी काढून ठेवलेले फोटो स्वीकारण्यापेक्षा फोन हातात घेऊन त्याच क्षणी जागेवर जाणे चांगले. शक्य असेल तर सुरुवातीला एकदा तरी प्रशिक्षकाने कारखान्यात यावे. माणसे एकदा भेटलेली असली की पुढे पडद्यावरची शांतताही नीट वाचता येते.

डिजिटल फळ्याबद्दलही सावध राहावे. संगणकावर रंगीत चिठ्ठ्या लावल्या म्हणजे ओबेया झाली नाही. उचियामादांच्या खोलीत ताकद होती ती निर्णय घेऊ शकणारी माणसे एकाच माहितीसमोर येण्यात. ऑनलाइन फळ्यासमोर तीच माणसे ठरलेल्या वेळी येत नसतील, तर तो फळा म्हणजे आणखी एक पडून राहिलेले फोल्डर.

भाषेचाही विचार करावा. लीन उत्पादन विकासाचे बहुतेक साहित्य इंग्रजीत आहे आणि ऑनलाइन वर्गही बहुधा इंग्रजीतच होतात. पण आपल्याकडे चाचणी घेणारा, डाय बनवणारा, नमुना घासणारा माणूस मराठीत विचार करतो. “असं का झालं असेल?” या प्रश्नाला तो मराठीत जे सांगेल ते इंग्रजीत सांगणार नाही. ए-थ्री मराठीत लिहायला आणि पाच प्रश्न मराठीत विचारायला काहीच आडकाठी नाही. दुरून शिकवता येत असल्यामुळे भोसरीला, इचलकरंजीला किंवा अंबडला मराठी जाणणारा प्रशिक्षक मिळणे आता सोपे झाले आहे.

सुरुवात कशी करावी

प्रशिक्षण निवडताना अभ्यासक्रमाच्या तासांपेक्षा दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, शिकणाऱ्याने पुस्तकातल्या उदाहरणाऐवजी स्वतःच्या चालू प्रकल्पावर काम करायचे आहे का? दुसरी, वर्ग संपल्यावर निदान तीन-चार महिने नियमित मार्गदर्शन आहे का? दोन्हींचे उत्तर नाही असेल तर ती माहिती पुस्तकातूनही मिळेल. एका कंपनीतून एकट्याने शिकण्यापेक्षा दोघांनी शिकावे, म्हणजे एकजण काम करतो तेव्हा दुसरा प्रश्न विचारण्याचा सराव करतो. आणि वरिष्ठांनी त्या वीस मिनिटांना हात लावू नये. पहिल्याच निकडीला जी बैठक रद्द होते तिच्यातून कसलीच सवय लागत नाही.

लहान उद्योगांना सरकारी मदतही आहे. केंद्राची एमएसएमई कॉम्पिटिटिव्ह लीन योजना मार्च २०२३मध्ये नव्या रूपात सुरू झाली. तिच्यात प्राथमिक, मध्यम आणि प्रगत अशा तीन पातळ्या असून सल्लागाराच्या मार्गदर्शन खर्चाचा ९० टक्के वाटा सरकार उचलते. योजनेचा भर कारखान्यातल्या कामावर आहे. पण तिथे शिकलेली मोजण्याची आणि पाहण्याची शिस्त डिझाइनच्या टेबलापर्यंत न्यायला कुणाची परवानगी लागत नाही.

आपल्याकडे हुशार अभियंत्यांची वानवा कधीच नव्हती. कमी पडतो तो शांतपणे शिकायला ठेवलेला वेळ आणि शिकलेले लिहून ठेवण्याची सवय. तुमच्या चालू प्रकल्पातला सर्वांत जास्त सतावणारा एक प्रश्न निवडा, प्रश्न विचारणारा एक माणूस शोधा, मग तो शेजारच्या टेबलावर असो की हजार किलोमीटर दूर. रोजची वीस मिनिटे ठरवा आणि पहिला अंदाज निकालाआधी लिहून काढा. एवढ्यासाठी पुढच्या आर्थिक वर्षाची वाट पाहू नका, येत्या सोमवारी सुरुवात करा.